कल्याण बंदर आणि तेथील बिशप

कल्याण म्हटले की आज आपल्या डोळ्यांपुढे रेल्वेचे जंक्शन आणि फलाटावरची गर्दी उभी राहते. परंतु १८५४ साली मुंबईचा लोहमार्ग तेथवर येऊन पोहोचला त्यापूर्वी कितीतरी शतके, जुन्नर, पैठण, तेर या नगरांतून निघून नाणेघाट उतरणारा माल उल्हास नदीच्या खाडीत उभ्या असलेल्या जहाजांत चढत होता, आणि त्या मालावरील जकातीसाठी राजेरजवाडे एकमेकांच्या उरावर बसत होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ‘पेरिप्लस’ हे नौकानयनाचे टिपण लिहिणाऱ्या ग्रीकभाषी खलाशाने स्पष्टच नमूद केले आहे की, थोरल्या सातकर्णी राजाच्या अमदानीत कल्याण ही राजमान्य पेठ होती, मात्र पुढे संदनेस नावाच्या सत्ताधीशाचा अंमल बसल्यावर तेथे लागणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात. प्रतिस्पर्ध्याचे बंदर बुडवायचे तर तोफाच डागाव्या लागतात असे नाही, चौकीपहारा पुरतो.

बंदर मात्र बुडाले नाही. कान्हेरीच्या लेण्यांत जा, तेथे दात्यांच्या नावापुढे ‘कल्याणचा’ असे पुनःपुन्हा कोरलेले आढळेल. कोणी व्यापारी आहे, कोणी सोनार. त्या सोनाराने भिक्षूंकरिता खडकात पाण्याची पोढी, म्हणजे टाके, खोदवून दिली. अमुक धर्माला अमुक पेठेने आश्रय दिला असे आपण सहज बोलून जातो, परंतु आश्रय देणारा हात बहुधा अशा एखाद्या सोनाराचा असतो.

याच पेठेत सहाव्या शतकाच्या मध्यास ख्रिस्ती बिशप होता, हे आपल्याला कळते ते कॉस्मस नावाच्या अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्याकडून. हा गृहस्थ उतारवयात संन्यस्त झाला आणि इ. स. ५५० च्या सुमारास त्याने ग्रंथ लिहिला तो पृथ्वी गोल नसून घुमटाकार झाकणाच्या पेटीसारखी आहे हे सिद्ध करण्याकरिता! त्याचे भूगोलशास्त्र आपण खुशाल हसण्यावारी न्यावे. परंतु कोणत्या बंदरातून काय निघते हे सांगताना त्याच्यातील व्यापारी जागा होतो. कल्याणहून तांबे, शिसवी लाकडाचे ओंडके आणि कापड बाहेर जाते, असे तो लिहितो. आणि अन्यत्र, मलबारातील ख्रिस्ती मंडळींचा उल्लेख करून, कल्याण येथे इराणातून नेमणूक होऊन आलेला बिशप आहे, एवढे सांगून पुढे निघतो. हे कल्याण म्हणजे उडुपीजवळचे कल्याणपूर, असाही पक्ष काही विद्वानांनी मांडला आहे. पण मलबारापूर्वी येणारा बंदरांचा क्रम पाहता मला तरी आपले ठाण्याचे कल्याणच सयुक्तिक वाटते.

बिशपाविषयीच्या त्या अर्ध्या वाक्यात पुष्कळ काही दडले आहे. सिंहलद्वीपाविषयी लिहिताना कॉस्मस तेथे इराणातून आलेला धर्मगुरू असल्याचे सांगतो; कल्याणला मात्र खुद्द बिशप. बिशप नेमायचा तर त्याच्या हाताखाली धर्मगुरू हवेत, त्यांना पोसणारी वस्ती हवी, आणि तैग्रिसकाठच्या सेल्युशिया-टेसिफोन येथील इराणी चर्चच्या मुख्य पीठाशी दळणवळण हवे. सासानी राजवटीत इराणी व्यापाऱ्यांचा या समुद्रावर पगडा असल्यामुळे ते दळणवळण सुलभ होते. मोसमी वाऱ्यांवर घोडे, रेशीम व मसाले यांची ने-आण करणाऱ्या जहाजांतूनच सीरियाक भाषेतील प्रार्थनापोथ्याही आल्या असल्या पाहिजेत. दख्खनच्या राजसत्तेने त्या बिशपाला बोलावले नव्हते. तो आला तो पेढीच्या मागोमाग.

म्हणूनच व्यापाराने कूस बदलली तशी ती वस्तीही विरळ होत गेली असावी, असा माझा तर्क आहे. १३२१ साली तोलेंतिनोचा तोमासो आणि त्याचे फ्रान्सिस्कन सहकारी कल्याणजवळच्याच ठाण्यास उतरले तेव्हा तेथे नेस्टोरियन, म्हणजे त्याच इराणी चर्चच्या परंपरेतल्या, ख्रिस्त्यांची पंधरा घरे शिल्लक होती. त्यांतील एका घरी ते मुक्कामास राहिले, आणि त्या शहरातच त्यांच्यापैकी चौघांची हत्या झाली. त्यांचा सोबती जॉर्डनस वाचला. पोप जॉन बाविसावे यांनी १३२९ साली त्याला हिंदुस्थानातील बिशप नेमले, ते कल्याणला नव्हे, मिऱ्यांचा व्यापार भरात असलेल्या कोल्लमला.