डोंगरातले पाणी कोणी नासवले?

(संस्थेच्या वर्धापनदिनानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पाणी दूषित आहे असे आपण सहज म्हणतो. पण ते कोणाच्या विष्ठेने दूषित झाले, असे विचारले की उत्तर बहुधा आधीच ठरलेले असते. बोट गरिबाकडे किंवा परक्याकडे वळते. हा प्रश्न आता प्रयोगशाळेत सोडविता येतो, एवढेच मला आज सांगायचे आहे. उदाहरण ऑस्ट्रियातले घेतो, कारण तिथे हे काम फार चिकाटीने झाले आहे.

व्हिएन्ना शहराने १८७३ साली आल्प्स पर्वतातील झऱ्यांचे पाणी वाहिनीने शहरात आणले. दुसरी वाहिनी १९१० साली झाली. आजही त्या शहराची तहान मुख्यतः याच पाण्यावर भागते. हे झरे चुनखडीच्या डोंगरांतले. अशा डोंगरावर मातीचा थर पातळ असतो आणि खडकाला भेगा व विवरे असतात. त्यामुळे पावसाचे पाणी गाळले न जाताच आत उतरते. वर ना गाव, ना कारखाना. तरीही जोराचा पाऊस झाला की अशा झऱ्यांत ई. कोलाय जिवाणूंची संख्या अनेक पटींनी वाढते.

ई. कोलाय हा जिवाणू डॉ. थिओडोर एशेरिख यांनी १८८५ साली तान्ह्या मुलांच्या विष्ठेत शोधला. तो पाण्यात सापडला म्हणजे त्या पाण्यात ताजी विष्ठा मिसळली, असे समजतात. पण तो माणसाच्या आतड्यात असतो, तसाच गाईच्या, हरणाच्या आणि पक्ष्याच्याही. चोरी झाली हे तो सांगतो, चोर सांगत नाही.

आता या डोंगरावर संशयित तीन. गिर्यारोहक व त्यांच्या विश्रामगृहांचे संडास, उन्हाळ्यात कुरणांवर चरायला नेलेली गुरे, आणि हरणे व शॅमॉय नावाची रानबकरीसारखी जनावरे. चोर कोण हे कळले नाही तर बिघडते कुठे? बिघडते ते असे, की संशय विश्रामगृहावर घेऊन तिथे लाखो रुपयांचा संडास बांधला आणि घाण कुरणातून येत असली, तर पाणी होते तसेच राहील. शिवाय माणसाच्या विष्ठेतून येणारे रोग वेगळे आणि गुरांच्या शेणातून येणारे वेगळे.

वाट सापडली ती बॅक्टेरॉइड्स गटातील जिवाणूंमुळे. आतड्यात ते प्रचंड संख्येने असतात, पण प्राणवायू त्यांना सोसत नाही, म्हणून बाहेरच्या पाण्यात ते वाढत नाहीत. मुख्य म्हणजे माणसाच्या पोटातले प्रकार आणि रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातले प्रकार वेगळे असतात. अमेरिकेतील ओरेगन राज्यात अ‍ॅन बर्नहार्ड आणि कॅथरीन फील्ड यांनी २००० साली त्यांच्या जनुकांतील हा फरक ओळखण्याच्या खुणा प्रसिद्ध केल्या. हे जिवाणू वाढवत बसावे लागत नाही. पाण्यातील त्यांचे जनुक पी.सी.आर. पद्धतीने मोजता येते. व्हिएन्नाचे गेऑर्ग राइशर, आंद्रेयास फार्नलाइटनर व त्यांचे सहकारी यांनी २००६ च्या सुमारास आल्प्समधील झऱ्यांसाठी अशीच मोजणी बसविली. आधी त्यांनी त्या डोंगरावर कोणते प्राणी किती आणि त्यांची विष्ठा किती, याचा हिशेब केला. मगच नमुने घेतले, आणि तेही नेमके पावसाने झरा फुगत असताना.

उत्तर स्पष्ट आले. घाण मुख्यतः रवंथ करणाऱ्या जनावरांची होती. माणसाचा वाटा नगण्य.

हे वाचताना मला महाड आठवल्यावाचून राहिले नाही. २० मार्च १९२७ रोजी आपली माणसे चवदार तळ्याचे पाणी प्याली, म्हणून ते तळे ‘बाटले’, आणि ‘शुद्धी’साठी त्यात ओतले काय, तर शेण आणि गोमूत्र मिसळलेले घडे! सूक्ष्मदर्शकाला जात विचारता येत नाही, हे बरेच आहे.

या पद्धतीची मर्यादाही सांगितली पाहिजे. ही खूण गाय आणि हरीण यांत भेद करीत नाही. दोघेही रवंथ करणारे. तो फरक करायला डोंगरावर जाऊन शेणाच्या पोवट्या आणि लेंड्या मोजाव्या लागतात. शास्त्रज्ञांचे हे काम फारसे कोणी वर्णन करीत नाही.

विद्यार्थी म्हणतील, एवढी साधने आमच्याकडे कुठून? कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडा पर्वतात डॉ. रॉबर्ट डर्लेट यांनी जनुकांशिवाय बरेच साधले. त्यांनी ओढ्यांचे व तळ्यांचे गट पाडले. जिथे फारसे कोणी जात नाही अशी, जिथे फक्त पायी प्रवासी जातात अशी, जिथे ओझ्याची जनावरे जातात अशी, आणि जिथे गुरे चरतात अशी ठिकाणे. प्रत्येक गटातून नमुने घेऊन त्यांनी तुलना केली. गुरांच्या कुरणांखालचे पाणी सर्वांत दूषित निघाले आणि केवळ पायी प्रवाशांच्या वाटेवरचे पुष्कळच स्वच्छ. आपल्या गावच्या ओढ्यावरही गोठ्याच्या वर एक, गोठ्याच्या खाली एक, वस्तीच्या खाली एक असे नमुने घेता येतात. बाटल्या निर्जंतुक हव्यात, त्या बर्फात ठेवून त्याच दिवशी तपासणीला पोचवाव्यात, आणि एक फेरी पहिल्या मोठ्या पावसात व्हायलाच हवी.