दोन कॉइल, एक ब्रॅकेट

कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीतल्या चारकोपला इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते मुंबईत लोकांनी पाहिले आणि पुढे धुळ्याच्या धावपट्टीवर त्याची उड्डाणचाचणी झाली. अमरावतीच्या बेलोऱ्याहून २०२५ पासून मुंबईला प्रवासी विमान जाते, अकोल्याला शिवणीची धावपट्टी आहेच. तेव्हा उद्या वऱ्हाडातही कुणी हा उद्योग मांडला तर नवल नको. अशा माणसाने मोटारीचे हवेने थंड होणारे इंजिन विमानाला जोडायचे ठरवले, की एक क्षुल्लक वाटणारा प्रश्न येतो: इग्निशन कॉइल बसवायच्या कुठे? विमानाच्या इंजिनात ठिणगीची व्यवस्था दुहेरी ठेवण्याचा रिवाज आहे. पण दोन कॉइल विकत आणल्याने ती दुहेरी होत नाही. ती होते की नाही, हे त्या बसवण्यावर ठरते, असे माझे म्हणणे आहे.

कॉइल बॅटरीच्या १२ व्होल्टचे वीस-तीस हजार व्होल्ट करते. त्यासाठी आत केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. चार सिलिंडरचे फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला २७०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ९० ठिणग्या पडतात. या तारेचे शत्रू दोन, थरथर आणि उष्णता. तांबे १०० अंशांनी तापले की त्याचा रोध सुमारे ४० टक्के वाढतो, म्हणजे करंट कमी आणि ठिणगीही अशक्त. कॉइल तापली की गाडी मिसिंग मारते आणि सावलीत तासभर उभी केली की निमूट चालू होते, हे आपल्याकडच्या कुठल्याही मेकॅनिकला ठाऊक आहे. मे महिन्यात अकोल्याची हवाच ४५ अंशांची. त्यात इंजिन बंद केल्यावर झाकणाखाली वारा थांबतो आणि सगळी धग वर चढते. म्हणून कॉइल इंजिनावर नको. इंजिन आणि वैमानिक यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीवर, म्हणजे फायरवॉलवर, एक्झॉस्टपासून लांब आणि बाहेरच्या हवेचा झोत लागेल अशी हवी. खरी मेख मात्र पुढेच आहे. दोन्ही कॉइल एकाच पट्टीवर, एकाच बोल्टने, एकाच फ्यूजवर आणि एकाच अर्थिंगवर बसवल्या, तर पट्टी तडकली किंवा नट सैल झाला की दोन्ही जातात. उड्डाणापूर्वी एकेक इग्निशन बंद करून फेरे किती उतरतात ते पाहतात, पण ही चाचणी इथे कामाची नाही. दोन्ही एकदम कशाने बंद पडतील, हे ती विचारतच नाही.

यावर कुणी म्हणेल, आजच्या मोटारींत कॉइल थेट प्लगच्या डोक्यावर बसते आणि लाख किलोमीटर चालते. चालते खरी, पण ते इंजिन पाण्याने थंड राहते. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाचे हेड २०० अंश सहज ओलांडते. शिवाय बडनेऱ्याच्या रस्त्यावर गाडी बंद पडली तर कडेला घेता येते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. कॉइल भिंतीवर नेली की प्लगची वायर लांबते, विजेचा थोडा दाब वाटेत मुरतो आणि रेडिओत खरखर येते. हे मान्य करायला हवे. खरखरीला रोध असलेली किंवा जाळीने मढवलेली वायर हा उतारा आहे, मात्र जाळीमुळे दाब आणखी थोडा घटतो. तरी फूट-दोन फुटांतली ही घट धडधाकट कॉइल सोसते. तुटलेल्या तारेला असा उतारा नाही. राहता राहिले अर्थिंग. इंजिन रबरी बुशांवर बसते, म्हणजे भिंतीपासून विजेच्या दृष्टीने तुटलेले असते. तिथे जाड वेणीची पट्टी नीट जोडली नाही, तर परतणारा करंट थ्रॉटलच्या केबलमधून वाट काढतो. म्हणून अशा पट्ट्याही दोन हव्यात, दोन निरनिराळ्या बोल्टांवर.