छायाचित्रकाराची दृष्टी आणि संगणकाचा पडदा



छायाचित्रणाच्या साधनांचा विषय निघाला की चर्चा बहुधा कॅमेरा आणि त्याचे भिंग यांच्यापाशीच थांबते. परंतु प्रत्येक छायाचित्राचे अंतिम रूप ठरविणारे साक्षीदार दोन असतात: छायाचित्रकाराचा डोळा आणि संगणकाचा पडदा. यांपैकी एकानेही चुकीची साक्ष दिली, तर भारी किमतीच्या कॅमेऱ्याने टिपलेले चित्रही सदोष ठरते.

कृष्णधवल छायाचित्रणाच्या काळात अंधाऱ्या खोलीतील तांबड्या दिव्याच्या उजेडात कागदावर चित्र उमटत असे. १९७५ साली कोडॅक कंपनीतील अभियंते स्टीव्हन सॅसन यांनी डिजिटल कॅमेरा तयार केला. त्याचे चित्र अवघ्या १०,००० बिंदूंचे होते. आज अंधाऱ्या खोलीची जागा बव्हंशी संगणकाने घेतली आहे. साधन बदलले, निर्णय मात्र डोळ्याकडेच राहिला.

चाळिशी आणि मोतीबिंदू

वयाच्या चाळिशीच्या सुमारास डोळ्यातील नैसर्गिक भिंगाची लवचीकता कमी होऊन जवळचे अंधुक दिसू लागते. अनेक कॅमेऱ्यांच्या व्ह्यूफाइंडरजवळ एक लहानसे चक्र असते. ते स्वतःच्या दृष्टीनुसार फिरवून घेतले नाही, तर सुस्पष्ट चित्रही अस्पष्ट भासते. संगणकापुढील अडचण निराळी आहे. पडदा साधारण हातभर अंतरावर असतो. दुहेरी चष्म्याचा वरचा भाग दूरच्यासाठी, तर खालचा वाचनासाठी असतो. मधल्या अंतरासाठी मान मागे टाकून पाहावे लागते आणि ती अवघडते. नेत्रतपासणीच्या वेळी हे अंतर सांगितल्यास त्यासाठी स्वतंत्र चष्मा मिळू शकतो.

मोतीबिंदू हळूहळू वाढतो. म्हणून रंगांतील बदल चटकन लक्षात येत नाही. पिवळट झालेले भिंग निळ्या छटा अडविते. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांच्या उजव्या डोळ्यावर १९२३ साली शस्त्रक्रिया झाली. त्यापूर्वीच्या त्यांच्या कित्येक चित्रांत तांबूस व तपकिरी रंगांचे प्राबल्य आढळते. लाल-हिरव्या रंगांतील भेद न कळण्याचा जन्मजात दोष पुरुषांत अधिक असतो. तो असलेल्या व्यक्तीने छायाचित्रण सोडण्याचे कारण नाही; परंतु रंगांचा अंतिम निर्णय दुसऱ्याच्या डोळ्यांनी पडताळून घ्यावा.

पडद्याची साक्ष

निरोगी डोळाही भोवतालच्या प्रकाशाशी जुळवून घेतो. पांढरा कागद बल्बच्या पिवळसर उजेडात आणि ट्यूबलाइटखाली पांढराच वाटतो. त्यामुळे पडद्याचा रंग बिघडला तरी तो डोळ्याला सहसा जाणवत नाही. पडदा फार उजळ ठेवला, तर छायाचित्रकार चित्र अधिक गडद करतो आणि छापून आल्यावर ते काळवंडलेले दिसते. यावर उपाय म्हणजे पडद्यावर ठेवून रंग मोजणारे उपकरण होय. ते दर महिन्या-दोन महिन्यांनी वापरावे, खोलीतील उजेड स्थिर ठेवावा आणि पडद्यावर खिडकीचे ऊन पडू देऊ नये.

संगणकाची क्षमताही पाहावी लागते. दोन कोटी चाळीस लाख बिंदूंचे एक चित्र संस्करणासाठी उघडले, की ते सुमारे १४४ मेगाबाइट स्मृती व्यापू शकते. स्मृती अपुरी असल्यास काम रेंगाळते आणि डोळे ताटकळतात. पडद्याकडे एकटक पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होऊन डोळे कोरडे पडतात. म्हणून दर वीस मिनिटांनी काही क्षण दूर पाहावे.

प्रश्न विश्वासार्हतेचा

हा विषय केवळ व्यावसायिकांचा नाही. पीकहानीच्या पंचनाम्याला छायाचित्र जोडले जाते, तेव्हा पान करपलेले की हिरवे, हे त्या चित्रावरूनही पाहिले जाते. ज्या पडद्यावर पिवळे पान हिरवट दिसते, तो शेतकऱ्याच्या नुकसानीविषयी चुकीची साक्ष देतो. म्हणूनच अशा नोंदीसाठी काढलेले मूळ चित्र कोणताही फेरफार न करता जतन करावे आणि त्याची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवावी.

कार्यालय, शाळा वा ग्रामपंचायत यांनी नवा कॅमेरा घेण्यापूर्वी दोन गोष्टींची खातरजमा करावी: तो हाताळणाऱ्याच्या डोळ्यांची तपासणी झाली आहे काय, आणि चित्रे ज्या पडद्यावर पाहिली जाणार, तो खरे दाखवितो काय. चष्म्याचा खर्च कॅमेऱ्याच्या मानाने अल्प असतो; परंतु त्याच्यावाचून कॅमेऱ्याचा खर्च वाया जाण्याचा संभव असतो.