चार खाड्या आणि कदमताल
(मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला कोकणच्या सायकल सहलीवर दहा मिनिटं बोलायला सांगितलंय. आपल्या नाशिकमध्ये सायकलवर बोलायचं म्हणजे जरा धाडसच. इथल्याच डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४८०० किलोमीटरची स्पर्धा जोडीने पूर्ण केली, तीही नऊ दिवसांच्या आत. आम्ही दोघांनी आठ दिवसांत सव्वातीनशेच्या आसपास किलोमीटर केले. त्यामुळे वेगाची अपेक्षा ठेवू नका.

माझ्यासोबत कोण होता ते तुम्हाला माहीत आहे. छापील स्मरणिकेत नाव नको, अशी त्याची अट आहे. आजाराचं नाव मात्र घे म्हणाला. "नाहीतर हात थरथरताना बघून लोक संध्याकाळची लावली असेल म्हणतात." त्याला पार्किन्सन्स आहे, सहा वर्षं झाली. १८१७ साली जेम्स पार्किन्सन या इंग्रज डॉक्टरने या आजारावर पुस्तिका लिहिली म्हणून हे नाव. आपल्याकडे कंपवात म्हणतात. पण कंप हा त्यातला दिसणारा भाग. खरा त्रास दुसराच आहे. चालता चालता पाय जमिनीला चिकटतात. दार आलं, उंबरा आला, गर्दी आली की पाऊल उचलतच नाही. डोकं 'चल' म्हणतं, पाय ऐकत नाहीत.

आणि हाच माणूस सायकलवर बसला की सरळ जातो! मला आधी ती त्याची बढाई वाटली. मग कळलं, की नेदरलँड्समधल्या डॉ. बास ब्लूम यांनी २०१० साली असाच एक रुग्ण जगापुढे आणला होता. वय ५८, दहा वर्षांचा आजार, धड चार पावलं टाकता येत नव्हती, पण सायकल झकास चालवत होता. उतरला की पुन्हा पाय जागच्या जागी. पायडल स्वतःच लय देतं, एक पाय खाली गेला की दुसरा वर येतोच, त्यामुळे असं होत असावं, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. सगळ्याच रुग्णांना हे जमत नाही. तोल जाणाऱ्यांना तर धोकाच. त्यामुळे कुणी माझं ऐकून घरच्या आजोबांना सायकलवर बसवू नका, आधी डॉक्टरांना विचारा.

मूळ बेत इटलीचा होता. लिगुरियाच्या किनाऱ्यावर जुना रेल्वेमार्ग काढून त्याच जागेवर २४ किलोमीटरचा सायकलमार्ग केलाय, ओस्पेदालेत्ती ते सान लोरेन्झो. एका बाजूला समुद्र, चढ जवळजवळ नाही. पण प्रवास विम्याच्या एका कंपनीने आजाराचं नाव वाचून नकार कळवला. दोन दिवस तो गप्प होता. तिसऱ्या दिवशी फोन आला, "समुद्रच पाहिजे ना? आपल्या घरचा आहे की."

त्याच महिन्यात नाशिकमध्ये सिग्नलला उतरताना तो पडला होता. मुलगा म्हणाला, बाबा, आता सायकल विकून टाकू. बापलेकांत ठरलं, की कोकणातून आल्यावर निर्णय घ्यायचा. म्हणजे ही सहल त्याच्यासाठी परीक्षाच होती, आणि मला सुपरवायझर म्हणून नेलं होतं.

सायकल त्याने लेडीज घेतली. नळीवरून पाय टाकणं त्याला जमत नाही. शाळेत बहिणीची सायकल घेऊन येणाऱ्या पोराला आपण किती छळायचो ते आठवा! दुकानदाराने दोन्ही ब्रेक डाव्या मुठीवर आणून दिले, कारण उजवा हात भरवशाचा नाही.

भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने मांडवा. तिथून अलिबाग, रेवदंडा, काशीद, मुरूड. रस्ता कुठे गुळगुळीत, कुठे नुसती खडी. दिवेआगरहून शेखाडीमार्गे श्रीवर्धनला जाणारा रस्ता मात्र इटलीवाल्यांनी येऊन बघावा असा आहे. चढावर तो गिअर पाडून सावकाश निघायचा आणि मी मागे धापा टाकत. उतारावर मीच पुढे राहायचो, कारण त्याचा ब्रेक कधी दाबला जाईल याची मला खात्री नव्हती.

अडचण रस्त्यात नव्हती, खाड्यांत होती. या वाटेवर चार मोठ्या खाड्या लागतात. आगरदांड्याहून दिघीला जाताना राजपुरीची, बागमांडल्याहून वेश्वीला सावित्रीची, दाभोळहून धोपाव्याला वाशिष्ठीची आणि तवसाळहून जयगडला शास्त्रीची. चारही ठिकाणी फेरीबोट. बोट आली की सायकलवरून उतरायचं, गर्दीतून चालायचं, फळीवरून आत जायचं. म्हणजे त्याला जे जमत नाही तेच, दिवसाआड.

आगरदांड्याला तो बोटीच्या फळीसमोर उभा राहिला तो राहिलाच. मागे मोटारसायकली, त्यांच्या मागे एक टेम्पो, सगळ्यांचे हॉर्न. घाई केली की त्याचे पाय आणखी चिकटतात. मी त्याची सायकल आत नेऊन परत आलो तरी तो तिथेच. कपाळावर घाम, नजर खाली. कुणीतरी मागून ओरडलं, "काका, हलवा की!" मला काय सुचलं कोण जाणे, मी मोठ्याने म्हटलं, "कदमताल! एक दो एक, एक दो एक." त्याने माझ्याकडे बघितलं, डावा पाय उचलला, आणि कवायतीच्या तासासारखा टापटाप करत थेट बोटीत गेला. बोटीतली माणसं बघत राहिली.

पी.टी.चे सर आज आलेत. सर, तुमच्या तासाला आम्ही दोघं हमखास मागे लपायचो. बाहेरून ताल मिळाला की अडकलेलं पाऊल सुटतं आणि उपचारात हा उपाय खरोखर वापरतात, हे मला परत आल्यावर फिजिओथेरपिस्टने सांगितलं.

सावित्रीवर त्याने स्वतःच दुसरी युक्ती शोधली. फळीवर घसरू नये म्हणून आडव्या लोखंडी पट्ट्या ठोकलेल्या असतात. तो एकेका पट्टीवर नजर ठेवून पाऊल टाकू लागला. जमिनीवरच्या रेषांचाही असाच उपयोग होतो म्हणे. दाभोळला खलाशाने हात आडवा करून मोटारसायकली थांबवल्या. "बाबांना जाऊ द्या आधी," म्हणाला. जयगडला त्याने मला हाकच मारू दिली नाही. मी तोंड उघडलं तर म्हणाला, "गप बस, मोजतोय." रेवस ते रेड्डी सागरी महामार्गाच्या योजनेत या खाड्यांवर पूल आहेत. गावकऱ्यांची सोय होईल, व्हायलाच हवी. पण माझा मित्र त्या फळ्यांवर चालायला शिकला, म्हणून मला त्या बोटींचा लोभ आहे.

जेवणाचीही गंमत होती. त्याची लेवोडोपाची गोळी प्रथिनांसोबत नीट लागू पडत नाही. त्यामुळे हर्णैला समोर सुरमईचं ताट आलं आणि हा घड्याळ लावून बसला. "तू सुरू कर," म्हणाला. मी केलं. थांबून मासा गार करण्यात कसली मैत्री!

केळशीच्या मुक्कामी रात्री गोळीचा असर उतरला तेव्हा त्याला कूस बदलता येईना. मी उठून वळवलं. अंधारात तो म्हणाला, "दिवसा सायकलवर मी विसरतो रे. रात्री आठवतं." मी काही बोललो नाही. थोड्या वेळाने तोच म्हणाला, "उद्या आंजर्ल्याचा चढ आहे ना? झोप."

आरे-वारेचा चढउतार करून रत्नागिरीला पोचलो तेव्हा मुलगा गाडी घेऊन आला होता. त्याने बापाला सायकलवरून येताना पाहिलं, आणि उतरल्यावर गाडीपर्यंतच्या वीस पावलांना किती वेळ लागला तेही पाहिलं. दोघांनी मिळून ठरवलं. शहरात सायकल बंद, सीबीएस आणि अशोक स्तंभाचे सिग्नल त्याच्यासाठी नाहीत. पहाटे गंगापूर रोडला, कुणी सोबत असेल तर चालू. सायकल विकलेली नाही.

रत्नागिरी ते रेड्डी बाकी आहे. डिसेंबरात निघतोय, आणखी दोघं हवेत. पंक्चर काढता येणारा असेल तर उत्तम. ज्यांना यायचंय त्यांनी आता जेवणाच्या वेळी त्याला गाठा. सभागृहाच्या दारात तो थांबलेला दिसला तर मागून ढकलू नका, हात ओढू नका. शेजारी उभं राहा आणि हळूच एक दो एक म्हणा.