होडीचं बूड आणि लघवीची नळी



जूनमध्ये मासेमारी थांबते, थळ-वरसोलीच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढून शाकारतात. त्याआधी एखाद्या होडीच्या बुडावर हात फिरवून पाहा. आधी बुळबुळीत थर, त्यावर शेवाळ, त्यावर कवचवाले जीव घट्ट चिकटलेले. ते खरवडायचे आणि तांबं मिसळलेला रंग लावायचा. दर वर्षी तेच.

लघवीसाठी घातलेल्या कॅथेटरमध्येही हेच होतं. जंतू येतात, चिकट थर करून त्याखाली दडतात, आणि तिथं औषध नीट पोचत नाही. प्रोटियस नावाचा जंतू तर युरिया फोडून अमोनिया करतो. मग क्षार साचतात आणि नळी तुंबते.

मग होडीला तांब्याचा रंग, तसा नळीला चांदीचा लेप द्यावा? तेही झालं. ब्रिटनमध्ये ७,१०२ रुग्णांवर चाचणी झाली, २०१२ मध्ये निष्कर्ष आले. थोडे दिवस नळी असलेल्या या रुग्णांत टेफ्लॉनचा लेप असलेल्यांपैकी १२.६ टक्क्यांना त्रासदायक संसर्ग झाला, चांदीवाल्यांपैकी १२.५ टक्क्यांना. चांदीचे पैसे पाण्यात, असं मी म्हणेन.

लेपाचा पेच जहाजांवर आधीच दिसला होता. १८२४ साली रसायनशास्त्रज्ञ हंफ्री डेव्हींनी जहाजांच्या बुडावरचं तांबं झिजू नये म्हणून त्याला लोखंड-जस्ताचे तुकडे जोडले. तांबं वाचलं, पण त्यावर शेवाळ आणि कवचं जमली! तांबं थोडं थोडं विरघळतं, म्हणूनच ते जिवांना दूर ठेवतं. औषधी लेपाचंही तसंच. झिरपला तर काम करतो, आणि झिरपत झिरपत एक दिवस संपतो.

आता मुशी, म्हणजे लहान शार्क मासा, आठवा. शेपटाकडून डोक्याकडे हात फिरवला तर काचकागदासारखी खरखरीत लागते. फ्लोरिडातले संशोधक अँथनी ब्रेनन अमेरिकी नौदलासाठी जहाजाच्या बुडाचा विचार करत होते. मुशीच्या कातडीवरून त्यांनी प्लास्टिकवर सुमारे ३ मायक्रॉन उंचीच्या बारीक उंचवट्यांची नक्षी काढली. त्यात विष नाही, औषधही नाही. जंतूंना बैठकच नीट मिळत नाही. प्रयोगशाळेत अशा पृष्ठभागावर ते कमी चिकटतात. कोळणीला विचारलं असतं तर तिनं हे कातडं हातात धरूनच दाखवलं असतं.

ही नक्षी जिल्हा रुग्णालयाच्या खाटेपर्यंत पोचेल तेव्हा पोचेल. तोवर नळी जितके दिवस राहील, तितका धोका वाढतो. दर दिवसाला साधारण ३ ते ७ टक्के रुग्णांच्या लघवीत नव्यानं जंतू शिरतात. म्हणून सकाळी डॉक्टर आले की विचारा, "नळी आज काढता येईल का?" आणि पिशवी कमरेच्या खाली टांगा, पण जमिनीला टेकू देऊ नका.