परसातलं हरितगृह: पाया पेलायला नाही, धरून ठेवायला!

विरार लोकलमध्ये दारात उभं राहून ऐकत असाल, तर आधी जरा आत सरका. आजचा विषयही वाऱ्याचाच आहे.

१७ मे २०२१. तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यासमोरून गेलं. मुंबईत कुलाब्याला वाऱ्याचा वेग ताशी ११४ किलोमीटर नोंदला गेला. इथे वसईत, आमच्या वाडीत, दहा बाय आठ फुटांचं छोटं हरितगृह होतं. पाईपचा सांगाडा, वर प्लास्टिक, बाजूंना जाळी. पाईप मी विटांवर टेकवले होते आणि भोवती माती दाबली होती. झालं काम!

दुपारी ते अख्खं उचललं गेलं आणि शेजारच्या काकूंच्या पडवीवर आदळलं. काकू रोज तिथेच भाजी निवडत बसतात. नशीब, त्या दिवशी आत होत्या. मी माफी मागायला गेलो, तर म्हणाल्या, "अरे, केळीलासुद्धा आपण टेकू देतो. याला काय दिलं होतंस?"

तेव्हा कळलं, घराचा पाया वजन पेलतो, हरितगृहाचा पाया त्याला जमिनीला धरून ठेवतो.

हिशेब सोपा आहे. ताशी ११४ किलोमीटरचा वारा दर चौरस मीटरला साधारण ६० किलोचा जोर लावतो. आपलं छप्पर साडेसात चौरस मीटरचं. म्हणजे वर खेचणारा जोर साडेचारशे किलोच्या आसपास! दार उघडं राहिलं तर वारा आत शिरून आणखी उचलतो. सांगाड्याचं स्वतःचं वजन यापुढे काहीच नाही.

मग दुसऱ्यांदा काय केलं? सहा खांब, सहा खड्डे. प्रत्येक खड्डा एक फूट लांब, एक फूट रुंद, दोन फूट खोल. त्यात भरलेलं काँक्रीट सुमारे १३५ किलोचं, म्हणजे सहांचं मिळून आठशेच्या वर. सिमेंट, रेती, खडी १:२:४. सिमेंट लागलं दोन-अडीच गोणी.

यात चार गोष्टी विसरू नका. एक, आधी दोरी बांधा आणि दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही सारखे आले, पावणेतेरा फुटांच्या किंचित वर, तरच काटकोन बरोबर. दोन, पाईपच्या तळाशी आडवी सळई वेल्ड करा, नाहीतर काँक्रीट जमिनीत राहील आणि पाईप उपटून येईल. तीन, खड्डा तळाशी थोडा रुंद ठेवा. किनाऱ्याकडच्या रेताड जमिनीत कडा ढासळतात, तिथे खणल्या दिवशीच भरा. चार, काँक्रीटचा माथा जमिनीच्या दोन-तीन इंच वर आणि बाहेरच्या बाजूला उतरता ठेवा. पाणी साचलं की पाईप तिथेच गंजतो. नंतर सात दिवस ओलं गोणपाट. आणि हे सगळं पावसाआधी, कारण जुलैत खड्ड्यात खालूनच पाणी येतं.

गवंडी म्हणेल, "खाली सगळा कोबाच करून टाकू, चिखल नको." इथे मात्र नाही म्हणा. थंड देशात हरितगृह ऊब धरायला बांधतात. आपण बांधतो ते कोथिंबिरीला, रोपांना पावसाच्या माऱ्यापासून वाचवायला. छपरावरून उतरलेलं पाणी कुठेतरी मुरायला हवं. आपल्या जुन्या वाड्यांत त्यासाठीच बावखलं होती. पावसाचं पाणी त्यात साठायचं, मुरायचं, विहिरींना मिळायचं. कितीतरी बावखलं बुजली. जुलै २०१८ मध्ये वसई-नालासोपारा पाण्याखाली होतं, ते आठवतंय ना? आपल्या परसातलं पाणी आपण मुरवलं नाही, तर ते शेजाऱ्याच्या उंबऱ्यावर जातं. म्हणून आत मातीच ठेवा, चालायच्या वाटेवर खडी पसरा आणि छपराचं पाणी एका शोषखड्ड्यात सोडा.

शेवटचं. वादळाचा इशारा आला की प्लास्टिक उतरवून ठेवा. पाया कितीही भक्कम असो, फाटलेलं प्लास्टिक उडतंच.

आमचं दुसरं हरितगृह अजून जागेवर आहे. पहिली कोथिंबीर काकूंकडे गेली. त्यांनी जुडी घेतली, कुंपणाशी येऊन एक खांब हलवून बघितला आणि म्हणाल्या, "आता बसते मी पडवीत."

भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या!