जखमेचें टिपण

अंगावरील जखम डोळ्यांस दिसते. परंतु ती कागदावर उतरली नाहीं, तर विम्याच्या दफ्तरांत ती झालीच नाहीं असें समजण्यांत येतें. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हा नियम फार काटेकोरपणें पाळला जातो. तेथील पासष्ट वर्षांवरील वृद्धांच्या औषधोपचाराचा मोठा भार १९६५ सालच्या कायद्यानें स्थापन झालेली ‘मेडिकेअर’ ही सरकारी विमायोजना उचलते. वैद्याच्या प्रत्येक कामास एक ठराविक संकेतांक असतो, आणि त्याच्या टिपणांतून तो शोधून काढणारे लेखनिक निराळे असतात. पुण्यामुंबईकडील कित्येक तरुणही येथें बसून हेंच काम करतात. त्यांस रोगी दिसत नाहीं. दिसतें तें केवळ टिपण.

समजा, जुनाट जखमेंतील मेलेलें मांस वैद्यानें कापून काढलें व “जखम साफ केली” एवढेंच लिहिलें. लेखनिकानें कोणता अंक घालावा? केवळ त्वचा काढली असेल, तर ९७५९७. त्वचेखालील थर काढला असेल, तर ११०४२. स्नायु काढला असेल, तर ११०४३. हाड काढलें असेल, तर ११०४४. येथें पुष्कळांची चूक होते. जखमेंत हाड उघडें दिसत असलें, तरी काढलेला भाग त्वचेखालील थराचाच असेल, तर अंकही त्या थराचाच. जखम किती खोल आहे हा प्रश्न नसून, किती खोलवरचा भाग काढला हा प्रश्न आहे.

हे अंक पहिल्या वीस चौरस सेंटिमीटरांपुरते आहेत. एका पायावर ५ × ४ व दुसऱ्यावर ४ × ३ सेंटिमीटर इतकी जागा त्वचेखालील थरापर्यंत साफ केली, तर एकंदर ३२ होतात. तेव्हां ११०४२ एकदां, आणि उरलेल्या बारांसाठीं ११०४५ एकदां. दोन जखमांचे थर निराळे असतील, तर मात्र बेरीज करतां येत नाहीं. म्हणून जागा, बाजू, लांबी, रुंदी, खोली, वापरलेलें हत्यार व काढलेला थर, ही सर्व माहिती टिपणांत पाहिजे.

हा केवळ पैशांचा प्रश्न नाहीं. अंथरुणास खिळलेल्या एखाद्या वृद्धेस घरून रुग्णालयांत आणलें आणि तिच्या पाठीखालचा शय्याव्रण पहिल्या दिवशीं कोणीं पाहिलाच नाहीं, तर तो घरचा कीं रुग्णालयांतला, हें पुढें कोण सांगणार? १ ऑक्टोबर २००८ पासून, रुग्णालयांत उद्भवलेल्या तिसऱ्या व चौथ्या पायरीच्या शय्याव्रणाबद्दल मेडिकेअर जादा पैसे देत नाहीं. व्रणाची पायरी परिचारिकेच्या नोंदीवरून घेतां येते. परंतु हा शय्याव्रणच आहे, हें निदान वैद्यानेंच लिहावें लागतें. या नियमामुळें रोग्यास कूस वळवून पाहण्याची शिस्त लागली, तर त्यांत वृद्धेचेंच कल्याण आहे.

याच्या उलट मोहही असतो. संगणकांत कालचें टिपण आज जसेंच्या तसें उतरवितां येतें. मग पंधरा दिवस जखम एकाच मापाची राहते! न केलेलें काम जाणूनबुजून लिहून पैसे मागणारास १८६३ सालचा खोट्या मागण्यांविरुद्धचा कायदा लागू होतो. यादवी युद्धांत सरकारास फसविणाऱ्या ठेकेदारांसाठीं तो झाला होता. आज तो वैद्यकाच्या बिलांसही लागतो.

बिलासाठीं घेतलेलें माप मूळचें रोग्यासाठींच आहे. गेल्या सोमवारीं ५ असलेली लांबी या सोमवारीं ४ झाली, तर उपचार लागू पडत आहे. ६ झाली, तर तो बदलला पाहिजे. पट्टी बांधणारा हात रोज निराळा असेल. जखमेची कालची हकीकत त्याला टिपणाखेरीज दुसरें कोण सांगणार?